आमच्या घरात शंतनू कसा आला

माझ्या नातवाचं नाव शंतनू. वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमच्या गल्लीत तरी हे नाव दुसऱ्या कुणाचं नाही. आमच्यात पूर्वी नाव शोधत बसायला कुणाला वेळ नव्हता. पोर ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव, सणाला जन्मलं तर सणाचं, आणि आधीची मुलं जगली नसतील तर मुद्दाम घाणेरडं नाव, म्हणजे देवाला ते न्यावंसं वाटू नये. माझ्या सासऱ्यांचं नाव उकिरड्यावरून ठेवलं होतं. ते इतके जगले की शेवटी आम्हीच कंटाळलो. त्यामुळे नावाला अर्थ असतो, त्याच्यामागे काही घडलेलं असतं, हे मला म्हातारपणी कळलं. तेही दोन बायकांच्या वादातून. एक माझी मुलगी, दुसरी माझी विहीण.

मुलगी माझी थोरली. तिने लग्न केलं नाही. जे तिला पटले त्यांना ती पटली नाही आणि ज्यांना ती पटली त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. अंधेरीच्या बाजारातला माझा मासळीचा ओटा आता तीच चालवते. तिच्या पाठचा भाऊ एकच. तो शिकला, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि तिथूनच पार्ल्याची मुलगी घेऊन आला. मुलगी चांगली आहे. मासे खात नाही, पण खाणाऱ्याकडे बघून तोंड वाकडं करत नाही. मला तेवढं पुरतं.

आता एकच भाऊ म्हटल्यावर आत्या होण्याची संधीही तेवढीच. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. आई, बाप, आजी, कुणी मध्ये बोलत नाही. बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते मला माहीत नाही. माझ्या भाच्यांच्या बारशात मीही खाल्लेत, आणि ज्यांनी घातले त्यांना त्यांच्या वेळी परत केलेत.

नाव तिने तयार ठेवलं होतं. भावाचं लग्न ठरायच्याही आधीपासून.

ती शाळेत जायची तेव्हा वर्गातल्या काही मुली तिला बघून नाक धरायच्या. मासळीचा वास येतो म्हणून. येत असणारच, सकाळी माझ्याबरोबर टोपली भरून मग ती शाळेत जायची. मी त्या मुलींच्या आयांना जाऊन सांगितलं की वास तुमच्याही घरात येतो, मासळी तुम्ही माझ्याकडूनच घेता. त्यातल्या दोघींना पुढे मी ताजे बोंबील कधी दिले नाहीत. पण मुलीचं समाधान त्याने झालं नाही.

त्याच वर्षी आमच्या देवळात सप्ताहाला एक बुवा आले. त्यांनी शंतनू राजाची गोष्ट सांगितली. राजा नदीकाठी फिरत होता. वाऱ्यावर वास आला. वासाचा माग काढत गेला तर एक कोळ्याची मुलगी होडी वल्हवत होती. राजा तिथेच गारद. तसाच उठून तिच्या बापाच्या दारात जाऊन उभा राहिला, म्हणाला, मुलगी द्या. कोळी म्हणाला, देतो, पण हिच्या पोटचा मुलगा गादीवर बसला पाहिजे. राजाला पहिल्या बायकोपासून एक मुलगा होता, गादी त्याची. राजा तोंड पाडून घरी गेला. शेवटी त्या थोरल्याने आपला हक्क सोडला, मग लग्न झालं.

देवळात सगळा कोळीवाडा बसला होता. बुवांनी कोळ्याची अट सांगितली तेव्हा बायका हसल्या आणि पुरुषांनी माना डोलावल्या, जणू त्यांच्यातलाच कुणी राजाशी बोलून आला होता. मलाही त्या बापाचं वागणं बरोबर वाटलं. गिऱ्हाईक गाडीतून उतरून थेट आपल्याच ओट्यावर आलंय, त्याची नजर पापलेटवरून हटत नाही, तर आपण कशाला भाव उतरवायचा?

घरी जाताना मुलीने विचारलं, "आये, म्हणजे राजाला मासळीचा वास आवडला?"

मी म्हटलं, "आवडला असेल. राजवाड्यात बिचाऱ्याला काय खायला घालत होते कुणास ठाऊक."

तेव्हापासून तिच्या डोक्यात हे नाव. मला सांगितलंही होतं, की भावाला मुलगा झाला तर शंतनू. मी हो म्हटलं. पोरांना काही हवं असलं की मी हो म्हणते, पुढे विसरतात. ही विसरली नाही.

सून माहेरी बाळंत झाली, पार्ल्यात. मुलगा झाला. मुलीने दवाखान्यातच पेढा तोंडात टाकून सांगून टाकलं, "शंतनू." राजाची आणि वासाची गोष्टही तिथेच सांगितली. सून हसली. तिने फोनवर शोधून दुसरंच नाव पक्कं केलं होतं, कियान. ते आम्हाला नंतर मुलाने सांगितलं. मी मुलाला विचारलं, "तुला कोणतं हवंय?" तो म्हणाला, "दोन्ही छान आहेत." लग्न झाल्यापासून तो असाच आहे. लग्नाआधीही असाच होता.

मग एक दिवस विहीणबाई आल्या. शाळेत संस्कृत शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या आहेत. बाई सरळ आहेत, पण बोलताना समोर फळा असल्यासारख्या बोलतात. बाहेर बोंबील वाळत होते. त्यांनी नाकाला पदर लावला नाही, पण श्वास मोजून घेत होत्या ते मला दिसत होतं. मुलगी खाली बसून कोलंबी सोलत होती.

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "विहीणबाई, नावाला माझा विरोध नाही. नाव उत्तमच आहे. पण ज्याचं आहे त्याने काय केलं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून आले."

"राजा होता, राज्य केलं असेल," मी म्हटलं.

"त्याची पहिली बायको म्हणजे साक्षात नदी. तिने अट घातली होती की मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. तिने सात मुलं जन्मली तशी पाण्यात सोडली. हा काठावर उभा राहून बघत होता. आठव्याच्या वेळी बोलला."

मी चहाची बशी खाली ठेवली. माझा धाकटा दीर समुद्रात गेला, सापडला नाही. आमच्यात पाण्याला कुणी आपणहून पोर देत नाही. सात मुलं जाईपर्यंत तोंड न उघडणारा बाप मला मुळीच आवडला नाही. हे बुवांनी का सांगितलं नाही?

"आणि दुसरं," विहीणबाई म्हणाल्या, "तो जो वास म्हणता ना तुम्ही, तो मासळीचा नव्हता."

मुलीचा हात थांबला.

"आधी तिच्या अंगाला मासळीचा वास होता, ते खरं. पण नंतर एका ऋषीने तिला वर दिला आणि तो वास जाऊन सुगंध आला. कोसभर लांब दरवळायचा म्हणे. राजाला आला तो हा."

बाहेर कावळा बोंबलांवर बसला होता, त्याला हाकलायलाही कुणी उठलं नाही. बुवांनी ही गोष्ट का गाळली ते माझ्या लगेच लक्षात आलं. सप्ताह कोळीवाड्यात होता. जेवण आणि दक्षिणाही कोळीवाड्याचीच होती. तिथे उभं राहून कोण सांगेल की राजा आला तो तुमचा वास गेल्यावर आला?

विहीणबाई गेल्यावर मी मुलीला म्हटलं, "सोड हे नाव. मला त्या माणसाचं वागणं पटत नाही."

"तूपण त्यांच्यातली झालीस का?"

"मी कुणाचीच नाही. सात मुलं, अगं."

ती उठून कोलंबी धुवायला गेली आणि इतका वेळ धूत बसली की कोलंबीची चव गेली.

बातमी बंदरावर पोहोचायला वेळ लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेले तर जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये हाच विषय. त्यांना सात मुलांशी देणंघेणं नव्हतं, सुगंधाशीही नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच.

"वहिनी, तो राजा आपला जावई लागतो," त्यातला सगळ्यात वयस्कर म्हणाला. "मुलाच्या मुलाला जावयाचं नाव ठेवतात का कधी?"

"कोणाचा जावई?"

"आपला. कोळ्यांचा. मुलगी आपली दिली ना? उद्या तू नातवाला म्हणशील, ए शंतन्या, नाक पूस. जावयाला असं बोलतात?"

दुसरा म्हणाला, "जावई असला तरी मरून किती काळ झाला. मेलेल्या जावयाचा कसला मान ठेवायचा?"

"जावई मेला तरी जावईच. दिवाळीला ये म्हणायला नको, एवढाच फरक."

तिसरा ऐकू कमी येणारा. त्याला विषय कळला तेव्हा त्याने वेगळाच निकाल लावला. समोर धक्क्यापासून लांब एका बोटीचं इंजिन चालू होतं, ती चालवणाऱ्या तांडेलाकडे बघून तो ओरडला, "शंतनूऊऊ." तांडेलाने वळून बघितलं. मग तो ओरडला, "कियान." तांडेल आपल्या कामात. "बघ," म्हातारा म्हणाला, "पहिलं नाव जातं. दुसरं पाण्यात पडतं." आमच्यात नाव असंच बघितलेलं बरं. इंजिनाच्या आवाजातही ऐकू गेलं पाहिजे. पण माझा नातू बोटीवर जायचा नव्हता, त्याला हाका मारायच्या त्या मुलाच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून, तिथे कियानही चाललं असतं.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. मी उचलला.

"विहीणबाई, मी काल तुम्हाला अर्धंच सांगितलं. मुलांनी अर्धं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच गुण द्यायचे. म्हणून फोन केला."

"सांगा मग उरलेलं."

"शं म्हणजे कल्याण, सुख. तनू म्हणजे शरीर. आणि जुन्या पोथ्यांत असंही दिलंय की हा राजा ज्या म्हाताऱ्या माणसाला दोन्ही हातांनी स्पर्श करी, तो पुन्हा तरुण होई. त्याला बरं वाटे. म्हणून नाव शंतनू. तो जन्मला तेव्हा त्याचा बापही वयस्कर होता आणि अगदी शांत स्वभावाचा, असाही एक अर्थ लावतात."

"आमच्याकडे बाप शांत आहेच," मी म्हटलं. "इतका शांत की कुठलं नाव हवं तेही सांगत नाही."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? कियानचा अर्थ मी शोधतेय. अजून मिळाला नाही. पण मुलीला आवडलंय, मी काय बोलणार?"

मी हे सगळं मुलीला सांगितलं. म्हाताऱ्यांना तरुण करणारं नाव आहे म्हटल्यावर मी तरी जरा नरमले. माझे गुडघे गेलेत. मुलीने ऐकून घेतलं, पण सुगंधाचं तिच्या मनातून जात नव्हतं. तिने इतकी वर्षं ज्याच्यावर नाव धरून ठेवलं होतं, तेच खोटं निघालं होतं. मी म्हटलं, पार्ल्याची माणसं म्हणतील ते कानात सांग आणि मोकळी हो.

बारसं पार्ल्यात, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. आम्ही कोळीवाड्यातून टेम्पो करून गेलो. बायकांनी हिरवी लुगडी नेसली होती, होतं नव्हतं तेवढं सोनं अंगावर. पार्ल्याच्या बायका मोजकंच घालून आल्या होत्या. आमच्या गळ्यांकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. पाळण्यामागे फुलांची चौकट होती आणि तिच्यात थर्माकोलची मोठी अक्षरं, वरून साटिनचं कापड टाकून झाकलेली. आत्याने कानात नाव सांगितलं की सजावटवाला दोरी ओढणार, कापड पडणार आणि नाव दिसणार, अशी योजना.

म्हणजे नाव आधीच लावलेलं होतं. माझ्या मुलीने ते कापड बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

सून लगबगीने तिच्याजवळ आली. "ताई, कियान हां. तुम्ही फक्त कानात सांगा, बाकी सगळं तयार आहे."

"बरं," मुलगी म्हणाली. ती "बरं" म्हणते तेव्हा ते बरं नसतं, हे मला माहीत आहे. सुनेला अजून माहीत नव्हतं.

पाळणा म्हटला गेला. त्यांच्या बायकांनी सुरात म्हटला, आमच्यांनी जोरात म्हटला. मुलगी पाळण्यावर वाकली. कुर्र केलं आणि तोंड बाळाच्या कानाशी नेलं. खूप वेळ तिथेच होती. आमच्या बायकांनी धपाटे घातले, पार्ल्याच्या बायकांनी हळूच पाठ थोपटली. मग ती सरळ झाली, पदर नीट केला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि घुगऱ्यांची वाटी मागितली.

सगळे तिच्याकडे बघतायत. सजावटवाला दोरी धरून उभा.

विहीणबाईंनी विचारलं, "मग? काय नाव ठेवलं?"

"सांगितलं."

"कुणाला?"

"ज्याचं आहे त्याला."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सजावटवाल्याने विचारलं, ओढू का. कुणी हो म्हणेना. कापडामागे एक नाव होतं, पण ते बाळाला सांगितलेलं आहे की नाही हे बाळाशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि ते झोपलं होतं. पार्ल्याची एक काकू म्हणाली, "असं कसं, आत्याने सगळ्यांना सांगायचं असतं." माझी चुलत जाऊ म्हणाली, "कानात सांगायचं असतं. तिने सांगितलं. तुम्हाला ऐकायचं होतं तर तुम्ही वाकायचं होतं."

मुलगा माझ्याजवळ आला. "आई, तू सांग ना तिला."

"दोन्ही छान आहेत," मी म्हटलं. तो गेला.

शेवटी सून आली. बाळंतीण, अंगावर नवी साडी, तशीच माझ्या मुलीच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसली. आम्ही दोघी विहिणीही जवळ सरकलो.

"ताई, कियान नाही सांगितलंत ना?"

"नाही."

"मला राग येतोय."

"येऊ दे. तू मला विचारलंस का? तू मला सांगितलंस. फक्त कानात सांगा म्हणालीस. एवढ्यासाठी आत्या कशाला हवी, फोन लावून ठेवायचा कानाशी."

सून जरा पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, "पण ती वासाची गोष्ट खरी नव्हती, आई म्हणाली. मला वाटलं आता तुम्हाला ते नाव नकोच असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं," मुलगी म्हणाली. "मग म्हटलं, वास कसला का असेना, आला ना तो? राजा कोळ्याच्या दारात मुलगी मागायला उभा राहिला आणि कोळ्याने त्याला उभं ठेवलं. तेवढं तरी खरं आहे का, विचार तुझ्या आईला."

विहीणबाई म्हणाल्या, "तेवढं आहे. त्यात शंका नाही."

सून नवऱ्याकडे बघायला लागली. तो दाराशी उभा होता. मग तिला हसू फुटलं. "बाबांनीपण याला उभं ठेवलं होतं. बस म्हणाले नाहीत. अट घातली होती, मुलगी देतो पण बोटीवर जायचं नाही."

मला हे नवीन होतं. "आणि हा काय म्हणाला?"

मुलगा दारातूनच म्हणाला, "मी काय म्हणणार? मला बोट लागते."

माझी मुलगी हसली नाही, पण घुगऱ्या खायची थांबली. विहीणबाईंना एवढं हसू आलं की त्यांनी चष्मा काढला. आमच्या दोन्ही घरांत मिळून कोण राजा आणि कोण कोळी हा हिशोब काही लागेना, तो तसाच राहिला.

सुनेने साडीचा पदर सावरला आणि जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, माझ्या बाळाचं नाव काय?"

"शंतनू," मुलगी म्हणाली.

पहिले धपाटे नाव न कळता घातले होते, ते धरायचे नाहीत असं आमच्या बायकांनी लगेच ठरवलं आणि पुन्हा घातले. या वेळी पार्ल्याच्या काकूनेही घातला, आणि तो बऱ्यापैकी होता. त्या गडबडीत सजावटवाल्याला वाटलं, झालं आता, आणि त्याने दोरी ओढली. फुलांच्या चौकटीत कियान आलं. सगळ्यांनी फोटो काढले. विहीणबाई अक्षरांकडे बघत म्हणाल्या, "अर्थ मिळाला असता तर मीच धरून बसले असते."

पुढे दाखल्यावर शंतनूच लागलं. नाव सुनेने स्वतः जाऊन दिलं.

बारशानंतर मी सहज बाजारात गेले. ओट्यावर गर्दी. एका गिऱ्हाइकाने पेढा खात विचारलं, भाच्याचं नाव काय ठेवलं. मुलगी सुरमई कापता कापता सांगायला लागली, "शंतनू. राजा होता तो. नदीकाठाने चालला होता, तर वाऱ्यावर मासळीचा वास आला त्याला. त्या वासामागे चालत चालत आला आणि आमच्या दारात उभा राहिला."

गिऱ्हाईक जरा बाजूला झाल्यावर मी म्हटलं, "अगं, मासळीचा नव्हता ना? सुगंध होता म्हणाल्या विहीणबाई. तू पण मान्य केलंस."

"ते पार्ल्यात," ती म्हणाली. "इथे मला मासळी विकायची आहे."

गिऱ्हाईक परत आलं आणि म्हणालं, डोकंपण टाका, रस्सा करीन.